मोहेअरचे जुने खेळण्यातले प्राणी जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहेअर म्हणजे नेमकं काय?

अंगोरा शेळीचे केस. नावामुळे गोंधळ होतो: अंगोरा लोकर सशाची असते, मोहेअर अंगोरा शेळीचं. अंगोरा हे तुर्कस्तानातल्या अंकारा शहराचं जुनं नाव. खेळण्यांसाठी या केसांचं सूत सुती कापडात मखमलीसारखं उभं विणलं जातं. म्हणजे वर दिसते ती लव मोहेअरची, आणि ती ज्यात रोवलेली असते ते तळकापड सुती. लव शंभर वर्षं सहज टिकते. तळकापड टिकेलच असं नाही. म्हणून आमचा पहिला सल्ला हाच की प्राणी हातात आला की कानातलं बटण (स्टाइफ या जर्मन कारखान्याची खूण) बघण्याआधी लव बाजूला सारून खालचं कापड बघा.

हा प्राणी मोहेअरचा आहे की कृत्रिम लवेचा, हे कसं ओळखायचं?

दोन अंगठ्यांनी लव फाकवा आणि तळाशी बघा. उभे-आडवे धागे काटकोनात विणलेले आणि लवेचे झुपके सरळ रांगांत दिसले, तर कापड मागावरचं आहे. मोज्यासारखे टाके दिसले आणि कापड ताणलं जात असेल, तर ती बहुधा नंतरच्या काळातली कृत्रिम फर आहे.

मागावरचं कापड म्हणजे मोहेअरच, असं मात्र नाही. १९२० आणि ३० च्या दशकांत कृत्रिम रेशमाची लवही वापरात होती, आणि युद्धकाळात व त्यानंतर टंचाईमुळे ती पुन्हा आली. बोटाने दाबून बघा: मोहेअर चमकदार आणि थोडं ताठ असतं, दाबलं की परत उभं राहतं. कृत्रिम रेशीम एकदा बसलं की बसलंच, आणि त्याच्या गुठळ्या होतात.

शंका उरली तर काखेतून किंवा पायाच्या सांध्यामागून दोन केस चिमट्याने काढा, प्राण्यापासून दूर नेऊन चिमट्यातच पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि बोटात चुरगळणारी काळी राख उरली, तर ते प्राण्याचे केस आहेत. वितळून कडक मणी झाला, तर प्लास्टिक. कागद जळल्यासारखा वास आला, तर कृत्रिम रेशीम. साधी मेंढीची लोकरही मोहेअरसारखीच जळते, तिथे चमकेवरूनच ठरवावं लागतं.

आत काय भरलेलं असतं, आणि त्यावरून काय कळतं?

तीन गोष्टी मुख्य. पहिली एक्सेल्सियर, म्हणजे लाकडाचे शेवयांसारखे लांब, बारीक काप. जर्मन प्राण्यांत हेच जास्त. दाबलं की करकर आवाज येतो आणि अंग टणक लागतं. दुसरा कापोक, पांढऱ्या सावरीचा कापूस. ब्रिटिश कारखान्यांनी १९२० च्या दशकापासून तो भरपूर वापरला. त्यामुळे प्राणी आकाराच्या मानाने हलका आणि मऊ लागतो. पुष्कळदा डोक्यात एक्सेल्सियर आणि धडात कापोक अशी मिसळ असते, कारण नाकाचे टाके घालायला खाली टणक आधार लागतो. तिसरा फोम रबर, दुसऱ्या महायुद्धानंतरचा. याच्यापासून सावध राहा. तो सुकून पिवळी भुकटी होतो, शिवणींतून गळतो आणि प्राणी खपाटीला जातो. सगळी भरण बदलण्यावाचून इलाज नाही.

वय कसं ठरवायचं?

एकाच खुणेवर कधीही भिस्त ठेवू नका. डोळे, भरण, तळव्यांचं कापड, सांधे, ठेवण आणि खूणपट्टी यांची साक्ष एकमेकांशी जुळली पाहिजे.

पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या अस्वलांना बहुतेक वेळा बुटाच्या बटणांचे काळे डोळे असतात. त्यानंतर तारेवर बसवलेले काचेचे डोळे रूढ झाले, आणि १९५० व ६० च्या दशकांत प्लास्टिक आलं. सुरुवातीच्या अस्वलांचं नाक लांब, पाठीवर वशिंड, हात गुडघ्यापर्यंत पोचणारे आणि पावलं मोठी. १९५० नंतर डोकं गोल, हातपाय आखूड. तळवे जुन्या काळी फेल्टचे, पुढे मखमली कापडाचेही.

डोळे बदललेले असू शकतात, तळवे तर हमखास. ठेवण मात्र बदलता येत नाही, म्हणून आम्ही आधी आकार वाचतो आणि मग बाकीच्या खुणा त्याच्याशी ताडून बघतो.

स्टाइफच्या कानातल्या बटणावरून साल कळतं का?

काळाचा पट्टा कळतो, साल नाही. जर्मनीतल्या गींगेन गावी मार्गारेटे स्टाइफ यांनी १८८० मध्ये टाचण्या खोचायचा फेल्टचा हत्ती केला, तिथून हा कारखाना सुरू झाला. त्यांचा पुतण्या रिखार्ड याने १९०२ मध्ये हलत्या हातापायांचं अस्वल रचलं आणि १९०३ च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकन ग्राहकाने ३००० नगांची मागणी नोंदवली. नकला वाढल्या म्हणून १९०४ पासून डाव्या कानात धातूचं बटण आलं.

पहिल्या बटणांवर हत्ती उठवलेला होता. थोडा काळ कोरी बटणंही वापरली गेली. मग आलं ते मोठ्या अक्षरांतलं नाव, ज्यातल्या शेवटच्या 'एफ'ची शेपटी मागे वळून अक्षरांखाली जाते. हे बटण साधारण १९०५ पासून १९५० पर्यंत चाललं, म्हणून एकट्या त्यावरून फारसं काही ठरत नाही. १९५० च्या सुरुवातीला शेपटीशिवायची मोठी अक्षरं, १९५२ च्या आसपासपासून १९६० च्या दशकाअखेर उठावाची तिरपी अक्षरं, त्यानंतर तीच तिरपी अक्षरं कोरलेली, आणि १९७० च्या दशकाअखेरपासून पितळी रंगाचं मोठं बटण, असा क्रम आहे.

बटणाखालची पट्टी जास्त उपयोगी पडते: साधारण १९२६ पर्यंत पांढरी, १९२६ ते १९३४ लाल, १९३४ पासून १९८० च्या सुमारापर्यंत पिवळी. दोन रंगांमधल्या काळात जुना साठा संपेपर्यंत वापरला गेला, म्हणून एखाद्या वर्षाची सरमिसळ धरून चाला. शिवणीत 'मेड इन यूएस झोन जर्मनी' छापलेली छोटी कापडी पट्टी असेल तर प्राणी साधारण १९४७ ते १९५३ मधला. बटण हरवलं तरी ही पट्टी कित्येकदा हाताच्या किंवा पायाच्या शिवणीत शिल्लक असते, म्हणून शिवणी बोटाने चाचपून बघा.

पट्टीवरचा जुना चार आकडी क्रमांकही वाचता येतो. पहिला आकडा बैठक सांगतो: १ उभा, २ पहुडलेला, ३ बसलेला, ५ हलत्या सांध्यांचा. दुसरा आकडा कापड सांगतो, आणि ३ म्हणजे मोहेअर. शेवटचे दोन आकडे सेंटिमीटरमधली उंची. म्हणजे ५३२५ हा हलत्या सांध्यांचा, मोहेअरचा, २५ सेंमी प्राणी. पट्टीवर हा क्रमांक आणि प्राणी प्रत्यक्षात ३५ सेंमी असेल, तर बटण दुसऱ्याच प्राण्याचं असू शकतं.

पांढरी पट्टी आहे, म्हणजे १९२६ पूर्वीचा आहे ना?

नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. १९८० पासून स्टाइफने स्वतःच जुन्या नमुन्यांच्या मर्यादित आवृत्त्या काढल्या, आणि त्यांना पांढरी पट्टी लावली. पहिली आवृत्ती १९८० मध्ये कारखान्याच्या शतकानिमित्त ११,००० नगांची निघाली. त्या पट्ट्या कापडी, विणलेल्या, त्यांवर आवृत्तीचा उल्लेख आणि लांब क्रमांक असतो, बटण पितळी आणि चकचकीत. खरी जुनी पांढरी पट्टी कागदी-सुती, छापील, पिवळट पडलेली आणि बहुधा फाटकी. कोणी पट्टी कापून टाकली असेल तर बटणाचा रंग आणि तळकापडाचा ताजेपणा बघा. या आवृत्त्या उत्तम बनावटीच्या आहेत आणि जमवण्याजोग्याही, फक्त शंभर वर्षांच्या भावाने घेऊ नयेत.

आणि कोणी रिखार्डने १९०२ मध्ये रचलेलं मूळ '५५ पीबी' अस्वल विकायला काढलं असेल, तर पाऊल मागे घ्या. त्याचा एकही नग आज उपलब्ध असल्याचं ज्ञात नाही.

बटण खरं, पण प्राणी दुसराच, असं होतं का?

होतं. बटण मागे वळवलेल्या दोन पायांवर बसतं, त्यामुळे एका कानातून काढून दुसऱ्यात घालणं अवघड नाही. कान उलटून मागची बाजू भिंगातून बघा. अनेक दशकं एका जागी असलेल्या बटणाभोवती लवेवर दाबाचं गोल वर्तुळ, कापडावर गंजाची किंवा काळपट धातूची छटा असते. एकाहून जास्त भोकं, पायांवर पक्कडीचे ताजे ओरखडे, किंवा मळक्या कानात लख्ख बटण दिसलं तर प्रश्न विचारा. उलट, बटण नसलेल्या कानात नेमक्या जागी जुनं भोक असेल, तर ती प्रामाणिक प्राण्याची खूण आहे. आई-वडील मुलाने गिळू नये म्हणून बटणं काढून टाकत.

स्टाइफ सोडून आणखी कोणाकडे लक्ष द्यावं?

जर्मनीत न्यूरेंबर्गचा शुको. त्याची 'हो-नाही' अस्वलं १९२१ पासूनची: शेपूट हलवली की डोकं होकार किंवा नकार देतं. विकत घेण्यापूर्वी शेपूट दोन्ही दिशांना अगदी हलक्या हाताने फिरवून बघा. आतला धातूचा दांडा गंजला असेल तर जोर लावल्यावर तुटतो आणि तो दुरुस्त करायला डोकं उघडावं लागतं.

ब्रिटनमध्ये फार्नेल, चॅड व्हॅली, चिल्टर्न, आणि १९३० पासून आयर्नब्रिजचा मेरीथॉट. फार्नेल आणि मेरीथॉटच्या पंजांवरची नखं पुष्कळदा तळाशी एका आडव्या टाक्याने जोडलेली असतात, बदकाच्या पायासारखी. चॅड व्हॅलीच्या पायावरची पट्टी वय सांगते: राणीच्या खेळण्यांचे निर्माते असा उल्लेख १९३८ नंतरचा, आणि त्यात 'राजमाता' आली की १९५३ नंतरचा.

सारखेपणामुळे गल्लत होते ती झोटीची. स्टाइफने १९५१ मध्ये आणलेलं हे उघड्या तोंडाचं, झिपऱ्या लवेचं अस्वल इतरांनीही जवळजवळ तसंच केलं. स्टाइफच्या झोटीच्या छातीवर फिकट जर्दाळू रंगाचा वेगळा तुकडा असतो. हेर्मान हा दुसरा जर्मन कारखाना आणि इतर यांच्या झिपऱ्या अस्वलांची छाती अंगाच्याच रंगाची.

अस्वलंच जमवायची का?

अजिबात नाही, आणि सुरुवात करणाऱ्याने तर अस्वलांपासून दूर राहिलेलंच बरं. त्याच कारखान्यात, त्याच कापडाचे, त्याच हातांनी शिवलेले कुत्रे, मांजरं, ससे, सिंह, खारी अस्वलाच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळतात. १९०९ पासूनचा योको चिंपांझी, १९२५ चं मॉली हे कुत्र्याचं पिल्लू, १९२७ चा बुली बुलडॉग हे दीर्घकाळ निघत राहिले, म्हणून वेगवेगळ्या दशकांतले नग शेजारी ठेवून बटणं, डोळे आणि भरण कशी बदलत गेली हे शिकता येतं. १९५० ते ७० मधले १० ते १७ सेंमीचे लहान प्राणी हात बसवायला उत्तम. अपवाद १९५० च्या दशकाअखेरच्या तीन डायनासोरांचा: टायसस, ब्रोसस आणि डिनोस. ते अस्वलांपेक्षाही महाग पडू शकतात.

फोटोवरून घेताना विक्रेत्याकडे काय मागायचं?

दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढलेले फोटो: समोर, पाठ, दोन्ही बाजू, चारही तळवे, कान पुढून आणि मागून, आणि लव फाकवून तळकापड दाखवणारे किमान दोन, एक पोटाचा आणि एक हाताच्या सांध्यापाशी. शेजारी मोजपट्टी हवीच. वजनही विचारा, कारण ३० सेंमीचा प्राणी अगदी हलका निघाला तर आत एक्सेल्सियर नाही. वास कसा आहे, सांधे कितपत घट्ट आहेत, आवाज निघतो का, कुठे शिवण नव्याने घातली आहे का, हेही लेखी विचारा. सफाईदार विक्रेता तळकापडाचा फोटो मात्र टाळत असेल, तर सौदा सोडा.

तळकापड कुजलंय हे कसं कळतं?

पोटावर किंवा पाठीवर दोन बोटांच्या चिमटीत कापड पकडा आणि अगदी किंचित दाबा. चांगलं कापड लवचीक लागतं. कुजलेलं कोरड्या पानासारखं कुरकुरतं, आणि शिवणीलगत बारीक आडव्या चिरा दिसतात. ताणून बघू नका, बघताबघताच फाटेल. लाकडाच्या भरणीतली आम्लं, उन्हाचा मारा आणि वर्षानुवर्षांचा दमट-कोरडा फेरा यांनी सुती धागे ठिसूळ होतात. वरची लव तरीही सुंदर दिसत राहते, हाच धोका.

असं कापड परत मजबूत होत नाही. जाणकार दुरुस्तीकार शिवण उघडून आतून नवं पातळ सुती अस्तर लावतो. तेही चिकटवून नव्हे, शिवून. डिंक सुकला की कडक होतो, आणि त्याच्या काठावर कापड पुन्हा तुटतं. अस्तराचा खर्च बहुतेक प्राण्यांच्या किमतीहून जास्त होतो, म्हणून कुजलेला प्राणी फक्त तो दुर्मिळ असेल किंवा घरचा असेल तरच ठेवावा.

नवी फर जुनी म्हणून खपवली आहे का, हे अतिनील दिव्याखाली कळतं का?

बरंच कळतं. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा दिवा धरला की पॉलिएस्टरचा दोरा निळसर-पांढरा झळाळतो, आणि १९५० नंतर प्रचारात आलेली कपडे पांढरे करणारी द्रव्यं तशीच चमकतात. जुन्या प्राण्याच्या शिवणीत असा दोरा दिसला तर तिथे दुरुस्ती झाली आहे किंवा प्राणीच नवा आहे. पण कोणी तो अस्वल आधुनिक साबणाने धुतला असेल तर शंभर वर्षांचं मोहेअरही चमकेल. दिव्याने संशयाची जागा दाखवावी, निर्णय भिंगाने घ्यावा.

लव गेली आहे. ती झिजली की कसरीने खाल्ली?

झीज नाकावर, कानांच्या टोकांवर, पोटावर, म्हणजे जिथे हात लागतो तिथे असते, आणि ती हळूहळू विरळ होत जाते. खुंट शिल्लक असतात. कसर लव मुळापासून कापते, कुठेही, वेड्यावाकड्या ठिगळांत, आणि तळकापड उघडं पडतं. फेल्टच्या तळव्यांना आरपार भोकं पडतात. जवळच वाळूसारखे बारीक कण, रेशमी नळ्या किंवा जाळी दिसली तर कीड अजून जिवंत असण्याची शक्यता आहे. भिरभिरणारा पतंग खात नाही, खाते ती त्याची अळी, आणि कार्पेट बीटल नावाच्या छोट्या भुंगेऱ्याच्या केसाळ अळ्याही तेच करतात. त्या अंधार, शांतता आणि घामाचा किंवा अन्नाचा डाग असलेली लोकर शोधतात.

नवा आणलेला प्राणी संग्रहात ठेवण्याआधी काय करायचं?

थेट कपाटात कधीच ठेवू नका. एका कसरीच्या प्राण्याने अख्खं कपाट जातं. क्रम असा:

१. आम्लरहित पातळ कागदात सैल गुंडाळा. कागद थेंब शोषतो.
२. जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करा. त्यावर दुसरी पिशवी.
३. उणे १८ अंश सेल्सियसच्या फ्रीझरमध्ये पूर्ण दोन आठवडे. उणे ३० ची सोय असेल तर तीन दिवस पुरतात. फ्रीझर आधीच पूर्ण गार असावा आणि मधे उघडझाप कमी, कारण हळूहळू थंडावलेली अळी थंडीला सरावते.
४. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. ही पायरी लोक हमखास चुकवतात. गार प्राण्यावर खोलीतली वाफ थेट थिजते, भरण ओलं होतं आणि बुरशी धरते. पिशवी बंद असली की दव बाहेरच्या बाजूला बसतं.
५. मग जाळीतून व्हॅक्यूम करा आणि मेलेल्या अळ्या, अंडी काढून टाका.

रबर, सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक), मेण किंवा रंगवलेल्या मुखवट्याचे प्राणी फ्रीझरमध्ये घालू नका. काचेच्या डोळ्याला आधीच तडा असेल तरीही नको. असे प्राणी पारदर्शक बंद डब्यात वेगळे ठेवून दोन-तीन महिने नजरेखाली ठेवा आणि डब्याच्या तळाशी पांढरा कागद अंथरा, ताजे कण पडले तर लगेच दिसतात.

डांबराच्या गोळ्या वापरू नका. त्यांची वाफ प्लास्टिक आणि सेल्युलॉइड मऊ करते, माणसाच्या फुप्फुसांना बरी नाही, आणि तो वास मोहेअरमधून वर्षानुवर्षं जात नाही. गंधाचे चिकट सापळे लावा, पण ते फक्त नर पतंग पकडतात. त्यांचं काम कीड आहे की नाही हे सांगणं. दर दोन-तीन महिन्यांनी बदला.

धुता येतो का?

बुडवून कधीही नाही. एक्सेल्सियर फुगतं आणि सडतं, सांध्यांतल्या पुठ्ठ्याच्या चकत्या वाकतात, पिना गंजून डाग बाहेर येतो, फेल्ट आटतं. लाकडातला तपकिरी अर्क ओलाव्याबरोबर वर चढून लवेवर कधी न जाणाऱ्या कडा उमटवतो.

वरवरची फेसाची सफाई मात्र उपयोगी आहे. आधी व्हॅक्यूम सर्वात कमी जोरावर ठेवून नळीच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा, आणि मऊ ब्रशने धूळ तोंडाकडे लोटा. मग रंगाची चाचणी: बोळा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवून काखेत ३० सेकंद दाबा. रंग आला तर थांबा. वाघ, बिबट्या, मासे यांचे पट्टे आणि ठिपके फवाऱ्याने रंगवलेले असतात, ते तर चाचणी पार पडली तरी अगदी हलक्या हातानेच.

एक लिटर कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात एक चमचा, म्हणजे ५ मिली, लोकरीसाठीचा सौम्य द्रवरूप साबण घाला आणि रवीने किंवा फेटणीने भरपूर फेस काढा. फक्त फेस वापरायचा, पाणी नाही. हाताच्या तळव्याएवढा भाग घ्या, मऊ दातांच्या ब्रशने लवेच्या दिशेने फिरवा, लगेच घट्ट पिळलेल्या पांढऱ्या कापडाने पुसा. दोन-तीनदा, दर वेळी स्वच्छ कापडाने. कापडावर मळ येणं थांबलं की थांबा, लख्ख होईपर्यंत नाही. कोरड्या टॉवेलने दाबून ओल काढा, साध्या पंख्यासमोर वाळू द्या, हेअर ड्रायरच्या गरम हवेने नाही. अर्धवट वाळल्यावर बोथट दातांच्या कंगव्याने लव उभी करा, नाहीतर ती चिकटूनच वाळते. पूर्ण वाळायला एक ते दोन दिवस धरा. तळकापड ठिसूळ असेल तर व्हॅक्यूमवरच समाधान माना.

कुबट वास येतोय.

झाकणाच्या मोठ्या डब्यात प्राणी एका बाजूला, उघड्या वाटीत सक्रिय कोळसा दुसऱ्या बाजूला, एकमेकांना न लागता. दोन आठवडे. सुगंधी फवारे मारू नका, त्यातलं तेल लवेवर धूळ धरून ठेवतं. वासाबरोबर राखाडी किंवा हिरवट ठिपके दिसले तर बुरशी आहे: मास्क लावा, उघड्यावर नेऊन मऊ ब्रशने झटका, आणि ओलसर जागा सोडवल्याशिवाय परत ठेवू नका.

दुरुस्ती स्वतः करावी का?

उसवलेली शिवण जरूर. सुती दोरा, लवेच्या रंगाशी जुळणारा, आणि शिडीसारखा टाका: एका काठातून ३ मिमी, समोरच्या काठातून ३ मिमी, मग ओढून घ्यायचं. टाका जुन्याच भोकांतून गेला तर कापड वाचतं. नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा वापरू नका, तो कापडापेक्षा मजबूत असतो आणि ताण आला की दोरा राहतो, कापड कापलं जातं.

विरलेला तळवा काढून नवा लावू नका. मूळ फेल्टवर जुळणाऱ्या रंगाचा पातळ नेटचा तुकडा शिवला की तो तसाच धरून राहतो. काही बदलावंच लागलं, तर काढलेला मूळ तुकडा चिठ्ठीसह पाकिटात जपा. सैल पाय तुटून पडत नसेल तर त्याला हात लावू नका. डोळे सैल असतील तर लांब सुईने मेण लावलेला तागाचा दोरा मागे मानेत ओढून गाठ मारता येते, पण आधी तार गंजलेली नाही ना हे बघा.

गुरगुरणारं यंत्र बंद असतं तेव्हा सगळ्यांनाच प्राणी उघडावासा वाटतो. आत एका नळकांड्यात वजनदार भाता असतो. प्राणी कलला की वजनाने भाता दबतो आणि हवा पत्तीवरून गेली की आवाज येतो. भात्याचं कापड फाटलं किंवा पत्ती गंजली की आवाज जातो, आणि ते पोटावरची हाताने घातलेली मूळ शिवण उसवल्याशिवाय जुळत नाही. ती शिवण कारखान्यातली असेल तर मुका प्राणी मुकाच बरा.

कसा मांडावा, कसा ठेवावा?

खिडकीसमोर नाही. उजेड तळकापडाचाही शत्रू आहे. संग्रहालयं अशा वस्तूंसाठी ५० लक्सच्या आसपास ठेवतात, म्हणजे वाचायला अपुरा असा मंद उजेड. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठीक. ६५ च्या वर बुरशीला आमंत्रण. आर्द्रतामापी कपाटात आत ठेवा, भिंतीवर नाही.

काचेचं कपाट धूळ आणि कसर दोन्ही अडवतं. प्राणी एकमेकांना चिकटून नकोत, आणि कच्च्या लाकडाच्या फळीवर थेट बसवू नका. मधे आम्लरहित पुठ्ठा घाला. पेटीत ठेवायचे असतील तर आम्लरहित कागदाचे बोळे काखेत आणि पायांमधे, म्हणजे सांध्यांवर भार येत नाही. हवाबंद प्लास्टिकमध्ये कायमचं ठेवणं चूक. दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्राणी हातात घेऊन काखा, कान आणि तळवे बघा.

मुलाला खेळायला देता येईल का?

नाही. बुटाच्या बटणांचे डोळे तारेवर असतात, काच फुटते, आत लोखंडी पिना आहेत, आणि शंभर वर्षांची धूळ.

किंमत कशावर ठरते?

तळकापड, लवेची दाटी, मूळ तळवे आणि डोळे, बटण-पट्टी, असामान्य रंग वा आकार, आणि मग पूर्वकथा. दुरंगी छटेच्या मोहेअरचं १९२६ चं स्टाइफ अस्वल 'हॅपी' १९८९ मध्ये लिलावात ५५,००० पौंडांना गेलं, आणि १९०४ चं 'टेडी गर्ल' १९९४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीजमध्ये १,१०,००० पौंडांना. टेडी गर्लच्या आकड्यात त्याच्या मालकाची प्रसिद्धी आणि मालकाच्या लहानपणीचा अस्वलासोबतचा जुना फोटो यांचा मोठा वाटा होता.

हे आकडे अपवादाचे आहेत. पण त्यातली एक गोष्ट प्रत्येकाला लागू पडते: प्राण्याबरोबर आलेला कागद, फोटो, पावती, कोणी कोणाला कधी दिला याची चिठ्ठी, काहीही फेकू नका. प्राण्याला क्रमांक द्या, तो चिकटवू नका, सुती दोऱ्याने पायाला सैल बांधा. त्याच क्रमांकाच्या कार्डावर पेन्सिलीने उंची, घेतल्याची तारीख, कोणाकडून, काय दुरुस्ती केली, कोणता मूळ तुकडा कुठल्या पाकिटात आहे, हे लिहा. सफाईच्या आधीचा आणि नंतरचा फोटो त्याच कार्डामागे.